बंद दाराच्या घरात बसणाऱ्या अक्का

डॉ. विमल सपकाळे, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या अक्का, यांची आणि माझी पहिली ओळख एका बाटलीमुळे झाली. बाटली माझ्या भाभीच्या लघवीची होती. अक्कांच्या गौरवग्रंथातल्या लेखात असा शब्द पहिल्याच परिच्छेदात यावा का, हे मला माहीत नाही. समितीतल्या मंडळींनी सांगितलं, शुद्धलेखन आम्ही बघू, तू खरं लिही. मी नववीत शाळा सोडली, त्यामुळे दोन्हींतलं एकच मला जमण्यासारखं आहे.

त्या वेळी मी रावेरला केळीच्या गाड्या भरत होतो. त्याआधी नरडाण्याला एका कारखान्यात पत्रा कापायचो, त्याच्याही आधी धुळ्यात एका खानावळीत वाढपी होतो. एका जागी माझं मन लागत नाही. केळीच्या कामाचं एक बरं असतं, घड नीट रचून झाले की त्याच ट्रकच्या केबिनमध्ये बसून थेट दिल्लीपर्यंत जाता येतं, आणि ड्रायव्हर गप्पिष्ट निघाला तर रस्ता कसा सरतो ते कळत नाही. असो. त्या फेरीला ट्रक जळगावातच बंद पडला, म्हणून मी घरी गेलो.

नसरीनभाभीने दार उघडलं आणि मी तिला ओळखलं नाही. चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली पाणी भरल्यासारखं. मला आई आठवत नाही; मला वाढवलं ते भाभीने. मी बघतच राहिलो तर म्हणाली, "काय बघतोस? खाऊन-पिऊन गुबगुबीत झाले. तुला बघवत नाही का?" पायात चपला जात नव्हत्या तिच्या. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या डॉक्टरांनी चिठ्ठी आणि लघवीची बाटली देऊन आम्हाला भाजीबाजाराच्या मागे, अक्कांच्या प्रयोगशाळेत पाठवलं.

अक्का तेव्हाच सत्तरी ओलांडलेल्या होत्या. हाताखाली शिकलेल्या मुली असूनही रक्त त्या स्वतः काढायच्या, आजही काढतात. त्यांचं म्हणणं असं, की माणसाचा हात हातात घेतल्याशिवाय त्याचं रक्त वाचू नये. त्यांनी भाभीचा हात घेतला, दंडाला पट्टी बांधली आणि सुई तशीच धरून थांबल्या.

"ही अंगठी चांदीची का गं?"

"सोन्याची आहे. लग्नातली."

"मग पांढरी कशी पडली?"

"आमच्या घरात सगळ्यांची पडते," भाभी म्हणाली. आमच्या गल्लीत पाणी उशिरा येतं, हे सांगावं इतक्या सहज.

अक्कांनी सुई खाली ठेवली. "घरात पारा कोण तापवतं?"

आता हे समजायला आमचं काम सांगितलं पाहिजे. आम्ही झारेकरी. जळगावच्या सराफ्यात सोनाराच्या दुकानात कानशीने घासताना, कापताना सोन्याचा कण उडतो, तो फरशीवर, गादीवर, कारागिराच्या पायपुसण्यावर जातो. ते सगळं झाडण आम्ही विकत आणतो. ते जाळायचं, राख कुटायची, परातीत धुवायची, मग उरलेल्या गाळात पारा टाकून हाताने मळायचा. पारा सोनं धरतो. तो फडक्यातून पिळला की एक गोळा उरतो, आणि तो गोळा विस्तवावर ठेवला की पारा उडून जातो, सोनं राहतं. माझे आजोबा हेच करायचे, अब्बा हेच करायचे, आणि थोरला भाऊ रफिकभाई हेच करतो. मी केलं नाही, कारण मी बसतच नाही कुठे.

दुसऱ्या दिवशी अक्का माझ्या मोटारसायकलवर मागे, पिशवी मांडीवर घेऊन आमच्या घरी आल्या. मोठ्या डॉक्टरीणबाई येणार म्हणून भाभीने सुजल्या पायांनी फरशी पुसली होती. रफिकभाईचा त्या दिवशी गोळा तापवायचा दिवस होता. त्याने खिडकी लावलेली होती आणि दाराच्या फटीत चिंध्या कोंबायला काढून ठेवल्या होत्या.

"हाई कसाले रे भाऊ?" अक्कांनी चिंध्यांकडे बोट केलं. त्या मूळच्या नरडाण्याजवळच्या खेड्यातल्या. प्रयोगशाळेत बहुतेक पुस्तकी बोलतात, पण कुणाच्या घरात पाय ठेवला की त्यांची जीभ गावच्या अहिराणीकडे वळते.

"वारा शिरला की राखेतलं सोनं उडतं," रफिकभाई म्हणाला. "आमचे अब्बा सांगायचे, दार उघडं ठेवून तापवणारा झारेकरी शेवटी भीक मागतो."

"सोनं जड राहतं. ते कुठे जात नाही. उडतो तो पारा. आणि दार बंद असल्यावर तो तरी जाईल कुठे?"

"डॉक्टरीणबाई, अब्बा याच खोलीत म्हातारे झाले."

"त्यांचे हात थरथरायचे का?"

रफिकभाई माझ्याकडे बघायला लागला. अब्बांना आम्ही चहा नेहमी अर्धा कप द्यायचो, कारण भरलेला कप त्यांच्या हातून सांडायचा. विचारलं की म्हणायचे, वय झालं बेटा. आम्हीही तेच मानलं. ज्या वयाचे ते होते, त्या वयाची माणसं आमच्या गल्लीत पतंग उडवायची, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

अक्कांच्या कामाबद्दल या ग्रंथात शिकलेली माणसं लिहितीलच. शिसं, पारा, कॅडमियम हे धातू माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं काय करतात, यावर त्यांनी उभं आयुष्य घातलं. वडील रेल्वेत गँगमन. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून कंदिलावर अभ्यास केला, असं त्यांच्या बहिणी सांगतात. मी त्यातलं जे माझ्या समोर घडलं तेवढंच लिहू शकतो. भाभीचं रक्त त्यांनी काचेवर पसरलं, रंगवलं आणि मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. मला वाटलं आता पारा दिसणार, चमकणारा. दिसल्या नुसत्या जांभळ्या टिकल्या.

"यात पारा कुठे आहे?"

"दिसत नाही."

"मग पेशी बिघडलेल्या दिसतात का?"

"तेही नाही. चांगल्या दिसतात. म्हणून तर गल्लीतल्या डॉक्टरांना कळलं नाही." त्यांनी काच बाजूला काढली. "केळीच्या बागेत राखणदार असतो ना? कपडे तेच, काठी तीच, शिट्टी तीच. लांबून बघणाऱ्याला काय कळणार? पण आत काय चाललंय, तर राखणदारच मालकले दगड मारी ऱ्हायना. पारा शरीरातल्या चांगल्या भागांना चिकटतो, त्यांचं रूप जरा बदलतो. मग या पेशींना घर आणि चोर यांतला फरक कळेनासा होतो. त्या घराविरुद्धच हत्यारं बनवतात. ती हत्यारं रक्तातून फिरत जाऊन किडनीच्या चाळणीत अडकतात. चाळणी फाटते."

"हे नक्की?"

"मला वाटतं. नक्की मुंबईची तपासणी सांगेल. काचेवर दिसत नाही ते मी काचेच्या नावावर सांगणार नाही."

हा त्यांचा स्वभाव मी नंतर पुष्कळ वेळा पाहिला. कुणाला धीर द्यायलासुद्धा त्या दिसलं त्यापेक्षा जास्त बोलत नाहीत. त्या वेळी मला राग आला होता. मुंबईहून कागद आला आणि त्यात अक्कांनी सांगितलं तेच होतं. तेव्हा वाटलं, या बाई एकदा तरी चुकायला हव्या होत्या.

कागद बघूनही रफिकभाई ऐकेना. त्याला हट्टी म्हणणं सोपं आहे, पण बापाने शिकवलेला हात आणि पोटाचा धंदा एका कागदासाठी कोण सोडतं? तो म्हणाला, तापवायच्या दिवशी भाभीला शेजाऱ्यांकडे बसवतो. अक्का म्हणाल्या, पारा भिंतीत बसलाय, फटीत बसलाय, ती परत येऊन त्याच खोलीत झोपणार. तो म्हणाला, छतावर तापवतो. अक्का म्हणाल्या, मग शेजारणीची अंगठी पांढरी पडेल.

यानंतर अक्कांनी जे केलं ते कुठल्याही डॉक्टराने केल्याचं मी ऐकलेलं नाही. त्या आमच्याकडे पाहुण्या म्हणून यायला लागल्या. तापवायचा दिवस असला की सकाळी मला फोन. मी आणायला गेलो की पिशवीत भाभीसाठी काहीतरी घेऊन मागे बसायच्या. घरात आल्या की भिंतीला टेकून खाली बसायच्या आणि म्हणायच्या, "लाव रफिक दार. मी बशी ऱ्हायनू ना. तुझ्या बायकोला चालतं तर माले काय व्हस?"

आमच्यात घरात पाहुणा बसलेला असताना त्याला त्रास होईल असं काम करत नाहीत, आणि उठा असंही म्हणत नाहीत. रफिकभाई चिंध्या हातात घेऊन उभा राहायचा. मग चहा व्हायचा. मग अक्का भाभीच्या पायावर अंगठा दाबून खळगा किती राहतो ते बघायच्या. मग जेवणाची वेळ व्हायची. तापवणं पुढच्या दिवसावर जायचं, आणि पुढच्या दिवशी पुन्हा अक्का हजर.

"ही बाई मला जगू देईना," रफिकभाई एकदा स्वयंपाकघरात कुजबुजला.

"तुला नाही, मला जगू देतेय," भाभी म्हणाली. ती कधी त्याला उलटून बोलायची नाही. तो बाहेर आला आणि त्याने अक्कांना विचारलं, "दार उघडं ठेवून भागणार नसेल, तर करू काय ते तरी सांगा."

अक्का वाटच बघत असाव्यात. त्यांनी पिशवीतून एक चित्र काढलं. लोखंडी हंडी, घट्ट आवळायचं झाकण, झाकणातून निघालेली नळी, आणि नळीचं तोंड पाण्याच्या भांड्याशी. पारा उडेल, नळीत गार होईल, पाण्यात पडेल. खोलीत येणार नाही. नरडाण्याला माझ्यासोबत पत्रा कापणारा एक मित्र अजून होता. मी जाऊन ती हंडी त्याच्याकडून करून आणली. माझ्या भटकण्याचा घरच्यांना उपयोग झाला तो तेवढ्यापुरताच.

पहिल्यांदा हंडी लावली तेव्हा दार उघडं होतं. हंडी अंगणात, आम्हीही सगळे तिथेच. विस्तव पेटला, नळी तापली, अक्का ओलं फडकं नळीवर फिरवायला सांगत होत्या. बऱ्याच वेळाने सगळं निवलं. हंडीत सोनं होतं, नेहमीएवढंच; रफिकभाईने ते आधी पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. मग अक्का म्हणाल्या, "आते पाणी पाह्य."

भांड्याच्या तळाशी पारा होता. वाटीत घ्यावा एवढा, जड, चकचकीत. त्यात आमची तोंडं दिसत होती.

"एवढा?" रफिकभाई म्हणाला.

"एका वेळचा."

तो भांड्यापाशी उकिडवा बसला. वर न बघता म्हणाला, "अक्का, मग अब्बांच्या वेळपासूनचा कुठे गेला?"

त्या दिवसापर्यंत तो त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायचा. अक्का खोलीच्या दाराकडे बघत होत्या, आणि दारात भाभी उभी होती.

आम्ही ते घर सोडलं. असोद्याच्या रस्त्याला एक खोली घेतली. भाभीची सूज थोडी उतरली, चपला पायात जायला लागल्या. तिने मला दम दिला, की आता तरी एका जागी बस. अक्कांनी मला गावोगावची रक्तं आणायच्या कामाला लावलं, ते याच दिवसांत. रावेर, असोदा, नरडाणा, धुळे. बर्फाचा डबा मागे बांधायचा आणि जायचं. माझ्या पायाला असलेल्या चक्राला त्यांनी काम शोधून दिलं. मी कधी उशिरा पोहोचलो, कधी दोन दिवस गायब झालो, पण कुठे गेला होतास असं त्यांनी विचारलं नाही. विचारायच्या ते एवढंच, "जेवना का?"

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

भाभीच्या किडनीची चाळणी फाटत राहिली. घरावर उलटलेले राखणदार आपणहून शांत होईनात, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी त्यांना गप्प करणारी औषधं सुरू केली. अक्कांनी आम्हाला दोघा भावांना समोर बसवून सांगितलं, की या गोळ्यांनी राखणदारांचे हात बांधले जातील. किडनी वाचेल कदाचित. पण हात बांधलेले असताना खरा चोर आला, तर त्याला अडवायला कुणी नसेल. रफिकभाईने विचारलं, दुसरा रस्ता? अक्का म्हणाल्या, मला दिसत नाही.

थंडीत भाभीला खोकला झाला. गल्लीतल्या निम्म्या पोरांना झाला होता तोच. पोरं चार दिवसांत बरी होऊन क्रिकेट खेळायला लागली. भाभीच्या छातीत तो उतरला आणि तिला घेऊन गेला. शेवटच्या तपासणीचं रक्तही अक्कांनीच काढलं होतं. त्या दिवशी तिच्या बोटातली अंगठी सैल होऊन घसरली, ती अक्कांनी उचलली. भाभी म्हणाली, "राहू द्या तुमच्याकडे. तुम्हालाच पहिल्यांदा दिसली ती."

मयतीला अक्का आल्या. बायकांत बसल्या. बहुतेक जण म्हणाले, अल्लाची मर्जी. मी अक्कांना सोडायला गेलो तेव्हा प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून एवढंच बोलल्या, "आपण उशिरा पोहोचलो, जावेद. ती अंगठी एकदम पांढरी नव्हती झाली. वर्षानुवर्षं होत होती. सगळ्या जळगावात ती कुणालाच दिसली नाही."

ओळखीच्या सोनाराने सांगितलं, अंगठी जरा तापवली की पुन्हा पिवळी होईल. अक्कांनी तापवू दिली नाही. तापवली तर तो पारा पुन्हा कुणाच्या तरी श्वासात जाईल. ती आजही त्यांच्या टेबलावर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत आहे. सराफ्यामागच्या गल्ल्यांतली कुणी बाई रक्त द्यायला आली, की अक्का बरणी पुढे करतात आणि विचारतात, "सांग बरं, ही सोन्याची की चांदीची?" काही बायका आपला हात पदराखाली घेतात.

मागे सराफ मंडळींनी अक्कांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि सोन्याचं लहानसं नाणं. अक्कांनी नाणं तळहातावर घेतलं आणि माइकवरच अध्यक्षांना विचारलं, "भाऊ, तुमच्या दुकानाचं झाडण कोण नेतं?" ते म्हणाले, "एक माणूस येतो, अक्का." अक्का म्हणाल्या, "त्याचं नाव विचारा. आणि पुढच्या वेळी झाडणासोबत त्याला एक हंडी द्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हंड्या आलेल्या नाहीत. ती मंडळी हा ग्रंथ वाचतील असं समितीने मला सांगितलंय, म्हणून हे इथे लिहिलं. रफिकभाई आमची हंडी मागेल त्याला देतो, पण गल्लीत लोकांना वाटतं की सोनं हंडीच्या बुडाला चिकटून राहतं, आणि वेळही जास्त लागतो. तेव्हा अजून काही दारं बंद होतात. चिंध्या कोंबल्या जातात.

आणि त्या दारांच्या आत अक्का जाऊन बसतात. पंचाहत्तरीतही. भिंतीला टेकून, पिशवी मांडीवर घेऊन. मी सोडायला जातो, न्यायला जातो. सगळीच घरं आमच्यासारखी पाहुण्याचा मान राखणारी नसतात. एका घरात त्या बसलेल्या असताना चूल पेटली. त्या उठल्या नाहीत. बाहेर आल्या तेव्हा मी भांडलो, तर म्हणाल्या, "मी उठली असती तर त्या घरनी बाई कथी गयी असती?" ती बाई कुठे गेली असती? मी मोटारसायकल सुरू केली.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे चहा पीत होतो. त्यांनी कप उचलला आणि बशीत चहा सांडला. पुन्हा उचलला, पुन्हा सांडला. मी त्यांच्या हाताकडे बघतोय हे त्यांना कळलं.

"वय शे रे भाऊ," त्या हसून म्हणाल्या.

मी म्हटलं, तुमची पण बाटली द्या, मी नेतो मुंबईला. त्या म्हणाल्या, बघू. जी बाई दुसऱ्याच्या बाटलीसाठी रविवारीही प्रयोगशाळा उघडते, ती स्वतःच्या बाटलीला बघू म्हणते. त्या दिवसापासून मी त्यांचा कप अर्धाच भरतो. तो का अर्धा असतो हे त्यांनी विचारलेलं नाही, आणि मी सांगितलेलं नाही.

अक्का, या ग्रंथात सगळे तुम्हाला शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य मागतील. मीही तेच मागतो, फक्त मला आमच्या घरच्या भाषेत मागू द्या. अब्बा म्हणाले होते वय झालं, आणि ते वय नव्हतं. तुम्ही म्हणता वय आहे. ते वयच असो. तुमचा हात नुसत्या म्हातारपणाने थरथरो, आणि ते म्हातारपण अजून खूप वर्षं वाढत राहो. तोवर कप मी अर्धा भरत जाईन, आणि मागाल तितक्या वेळा भरत जाईन.